तेलकोंडीतले शहाणपण

तेल भडकले की परराष्ट्र धोरणातली तत्त्वे गळतात आणि ज्याला त्याला आपल्या पिंपाची चिंता लागते, हे मत आता जवळजवळ सिद्धान्तासारखे मांडले जाते. १९७३ चा दाखला त्याच्या बाजूने आहे. त्या ऑक्टोबरात अरब देशांनी इस्राएलच्या पाठीराख्यांची तेलकोंडी केली आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपासचा भाव जानेवारी १९७४ पर्यंत जवळपास चौपट झाला. युरोपीय समुदायाच्या नऊ देशांना नोव्हेंबरातच पॅलेस्टिनींचे हक्क आठवले. जपाननेही अमेरिकेची नाराजी पत्करून अरबांच्या पारड्यात वजन टाकले. पण दाखला इथेच थांबवणे सोयीचे असले तरी खरे नाही. याच धास्तावलेल्या देशांपैकी बहुतेकांनी वर्षभरात आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था उभारली. निव्वळ आयातीच्या ९० दिवसांइतका साठा राखणे आज तिच्या आयातदार सदस्यांवर बंधनकारक आहे. अमेरिकेच्या वर्चस्वाला नाक मुरडून बाहेर राहिलेला फ्रान्सही १९९२ मध्ये आत आला.

यावर १९७९ चा आक्षेप येतो. इराणी क्रांतीनंतर जगाचा पुरवठा चार-पाच टक्केच घटला, तरी भाव दुपटीहून वाढले, कारण सगळेच साठे करत सुटले. आक्षेप खरा, निष्कर्ष चुकीचा. तेल वाटून घेण्याची संस्थेची तरतूद सात टक्के तूट आल्यावरच लागू होणार होती. सहकार्य हरले नाही, ते वापरलेच गेले नाही. उलट जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटताच साठे खुले करण्याचा निर्णय झाला आणि भाव एका दिवसात सुमारे एकतृतीयांशाने कोसळले. युद्ध लवकर संपेल हा भरवसा त्यामागे होताच, पण भीतीपोटी खरेदी करण्याचे कारणही उरले नव्हते.

दुसरा आक्षेप आपल्या जवळचा आहे: ही संस्था म्हणजे श्रीमंत ग्राहकांचा गट, भारताला स्वार्थच फळला, २०२२ पूर्वी आयातीत दोन टक्क्यांहून कमी असलेले रशियन तेल पुढच्याच वर्षी तिसऱ्या हिश्श्यावर गेले. ती सवलतीतली खरेदी योग्यच होती. पण विक्रेता अडचणीत असेतोवरच सवलत मिळते. तिला सुरक्षितता म्हणता येत नाही. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करणाऱ्या देशाचे विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथले राखीव साठे जेमतेम साडेनऊ दिवसांचे आहेत. रिफायनऱ्यांकडचे तेल धरूनही नव्वदी गाठली जात नाही. २०२० मध्ये भाव कोसळले तेव्हा ही कोठारे भरून आपण शहाणपण दाखवले. आता कोठारेच वाढवायला हवीत. २०१७ पासून संस्थेचा सहयोगी असलेल्या भारताने पूर्ण सदस्यत्वाच्या साठ्याच्या अटीला ओझे मानू नये. वाटाघाटीत ज्याला थांबणे परवडते तोच ताठ बोलतो, आणि थांबण्याची ही ऐपत भाव उतरलेले असतानाच कमवावी लागते.