सोय कुणाची?

तुळशीचं लग्न लागलं की नाशकात गंगापूर रोडवरच्या लॉन्सच्या तारखा मिळत नाहीत. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा व्हॉट्सॲपवर बायोडाटे फिरू लागलेले असतील. यंदा आम्हाला लिहायचंय ते लग्न नको असताना बोहल्यावर चढणाऱ्यांविषयी.

समलिंगी पुरुष आणि समलिंगी स्त्री एकमेकांना सगळं सांगून, ठरवून लग्न करतात. सत्यनारायण होतो, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दार लावलं की दोघं मित्रांसारखी राहतात. याला सोयीचं लग्न म्हणतात. हर्षवर्धन कुलकर्णी यांच्या ‘बधाई दो’ या २०२२ च्या हिंदी चित्रपटात असंच जोडपं होतं: नवरा पोलीस, बायको शाळेत पीटीची शिक्षिका. प्रेक्षक पोट धरून हसले. हसण्यासारखं होतंही.

पूर्वी या सोयीमागे कायद्याची भीती होती. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेल्या दंड संहितेतल्या कलम ३७७ मध्ये समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला, तो डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. मधल्या चार वर्षांत धीर करून घरी सांगून बसलेल्यांचं काय झालं असेल! शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. सौदी अरेबिया, कतार, ओमान, कुवेत या देशांत मात्र असे संबंध आजही गुन्हाच आहेत, आणि आपली कितीतरी मुलं तिथे नोकरीला आहेत. तिथे गळ्यात मंगळसूत्र असलेली बायको सोबत असली की कुणी चौकशी करत नाही.

पण इथे कायदा गेला, तरी अशी लग्नं थांबली नाहीत. पोलीस ठाण्यापेक्षा आत्याच्या फोनची धास्ती मोठी असते. रोहन कानवडे यांचा ‘सबर बोंडं’ सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला; त्याआधी या मराठी चित्रपटाने सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला होता. त्यात वडील गेले म्हणून मुंबईहून गावी आलेला तिशीतला आनंद सुतकात बसलाय, आणि नातेवाइकांना पडलीय त्याच्या लग्नाची. घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा, हा हिशेब आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही?

सोयीच्या लग्नाला लोक फसवणूक म्हणतात. आमचं मत वेगळं आहे. त्यात फसतात ते नातेवाईक, आणि त्यांचं फार बिघडत नाही. खरी फसवणूक होते ती ज्या लग्नात मुलीला काहीच सांगितलेलं नसतं, त्यात. मुलाच्या आईवडिलांना कल्पना असते, ‘लग्न झालं की होईल सगळं नीट’ म्हणत ते निफाडकडची, सिन्नरकडची मुलगी करून आणतात. तिच्या बापाने द्राक्षाच्या पैशांवर किंवा कर्ज काढून मांडव घातलेला असतो. नवरा जवळ येत नाही म्हणून ती वर्षानुवर्षं स्वतःतच खोट शोधते: रंग, वजन, हातची चव. हिंदू विवाह कायद्यानुसार फसवून झालेलं लग्न रद्द करून घेता येतं, पण फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. त्या वर्षात माहेरचे तिला ‘थोडं सांभाळून घे’ एवढंच सांगत असतात. असल्या लग्नाला चारशे माणसं जेवून जातात आणि कुणी नाक मुरडत नाही.

मुलगी समलिंगी असेल तर आणखी वाईट. पत्नीवर नवऱ्याने केलेली बळजबरी आपल्या कायद्याच्या लेखी आजही बलात्कार नाही. त्यामुळे तिच्यासाठी सोयीचं लग्न म्हणजे रात्री निर्धास्त झोप लागण्याची व्यवस्था असते. तिला नावं ठेवण्याचा अधिकार आम्हाला तरी नाही.

या सोयीलाही अंत आहेच. वर्षभरात ‘गोड बातमी कधी?’ सुरू होतं. पुढे आजारपण आलं की रुग्णालयात सही कागदावरच्या जोडीदाराची चालते, आणि ज्याच्यावर जीव असतो तो बाहेरच्या बाकावर बसतो. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार देऊन चेंडू संसदेकडे टोलवला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने खुलासा केला, की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडता येईल, जोडीदाराचं नाव नामनिर्देशनात देता येईल. बँकेपुरतं नातं कबूल झालं, हेही नसे थोडके.

दिवाळी अंकात असले विषय कशाला, अशी पत्रं येतीलच. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले. त्याला नव्वदहून अधिक वर्षं झाली. मराठी संपादकाने अजून बिचकत लिहावं, हे शोभणारं नाही.

तेव्हा आईवडिलांना विनंती एवढीच. मुलगा किंवा मुलगी ‘मला लग्न करायचं नाही’ म्हणाली, तर बायोडाटा पुढे पाठवण्याआधी कारण विचारा. ते ऐकून घ्या. ऐकल्यावर ‘बरं करून देणाऱ्या’ डॉक्टरकडे नेऊ नका. असले उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच गैरवर्तन ठरवले आहेत. आणि दुसऱ्याची मुलगी औषध म्हणून घरी आणू नका. लॉन्सची तारीख धरली असेल तर ती सोडा. अनामत बुडाली तर बुडू द्या.

– संपादक