पणजीस गेल्यावर काय खावे, काय प्यावे?

गुंजीहून पणजी फार दूर नाही. लोंढा आणि रामनगर मागे टाकून अनमोडचा घाट उतरला, की मोले, फोंडा करीत गाडी मांडवीच्या काठाशी येते. खानापूर तालुक्याच्या रानात उगम पावणारी म्हादईच तेथे मांडवी या नावाने समुद्रास मिळते. बेळगावच्या बाजारातील भाजीपाल्याच्या गाड्याही गोव्याकडेच उतरत असतात. आम्ही पणजीत पाऊल ठेवण्यापूर्वीच आमचे पाणी आणि आमची भाजी तेथे पोहोचलेली असते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. आणि तरीही आमच्याकडील मंडळी तेथे गेली, की प्रथम चौकशी करतात ती पनीर आणि तंदुरी रोटी कोठे मिळेल याची! घरातून निघून पुन्हा हमरस्त्यावरील ढाब्यातच बसावयाचे असेल, तर घाट उतरण्याचे श्रम कशासाठी घ्यावेत?

सकाळी पोहोचणाऱ्यांनी न्याहारी जुन्या उपाहारगृहात करावी. कॅफे टाटो १९१३ सालचे आणि कॅफे भोसले १९२० सालचे. पोर्तुगीज अमदानीपासून पणजीकरांच्या सकाळी अशाच ठिकाणी सुरू होत आल्या आहेत. तेथे भाजी-पाव मागवावा. पातळ भाजी म्हणजे नारळाच्या वाटणातील वाटाण्याची किंवा कडधान्याची, सुकी भाजी म्हणजे बटाट्याची. दोन्ही एकत्र करूनही देतात. सोबत मिरचीभजी किंवा गोडसर बन्स घ्यावा. पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला खरा, परंतु त्याचे गोव्यातील गणगोत आपणांस ठाऊक नसते. कोंड्याची पोय, गोल उंडो, बांगडीसारखे कडक कांकण असे त्याचे प्रकार आहेत. सायकलवर भोंगा वाजवीत दारोदार पाव देणारा पोदेर आता विरळ होत चालला आहे; तो जेथे दिसेल तेथे त्याच्याकडून गरम पोय अवश्य घ्यावी.

दुपारच्या जेवणासाठी आमची एक साधी कसोटी आहे. कचेऱ्यांतील कारकून मंडळी एक वाजता ज्या खाणावळीत शिरतात, तिच्यात निःशंक शिरावे. रोज येणाऱ्या गिऱ्हाईकास कोणी शिळे वाढीत नाही. शीत, हुमण, सुक्या सुंगटांची किसमूर, तिसऱ्यांचे सुके, एखादी तळलेली तुकडी आणि सोलकढी, असे ते ताट असते. तुकडी कशाची आणि तिचा दर काय, हे बसण्यापूर्वीच विचारावे. यात संकोच कसला? इसवण आणि बांगडा यांच्या किमतीत मोठे अंतर असते, आणि पाचजणांच्या कुटुंबास ते बिलाच्या वेळी कळणे बरे नव्हे.

ऋतूचाही विचार हवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. या काळात मोठी मासळी बहुधा बाहेरून येते. २०१८ च्या जुलैमध्ये बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून गोव्यात मोठी खळबळ उडाली होती. म्हणून पावसाळ्यात खाडीतील लहान मासळीवर किंवा शाकाहारावर संतोष मानावा. शाकाहारी मंडळींनी खतखते आणि मोड आलेल्या मुगांच्या गाठी मुद्दाम विचारून घ्याव्यात. तिरफळाचा तो वास आपल्या घाटमाथ्यावरील स्वयंपाकघरांस अपरिचित नाही. २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या बेबिंकात मात्र अंड्यांचा बलक असतो, हे व्रतस्थांनी ध्यानी ठेवावे.

आता पिण्याविषयी. आमच्या भागात "गोव्यास जाऊन आलो" असे म्हटले, की ऐकणारा मिस्कील हसतो. याची आम्हांस मनापासून खंत वाटते. एका संपन्न प्रदेशाचे नाव आम्ही केवळ बाटलीवर लिहून टाकले आहे. शाळेतून बाहेर पडलेली आमची मुले स्वस्त मद्यासाठी जातात आणि रात्री त्याच अवस्थेत घाटाची वळणे चढू पाहतात. घरी आई दाराकडे कान लावून जागी असते. हद्दीवरील नाक्यावर बाटल्या सापडल्या, तर खटल्याचे लचांड वेगळेच. आम्ही स्वतः घेत नाही, परंतु घेणाऱ्यास पापीही म्हणत नाही. काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक मानांकन लाभले. तीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब आहे. ज्यास चाखावयाची असेल त्याने जेवणासोबत थोडकी चाखावी, आणि त्या रात्री मुक्काम तेथेच करावा. इतरांसाठी कोकमाचे सरबत आहे, शहाळे आहे, आणि काजूच्या हंगामात बोंडांचा ताजा निरो मिळाला तर त्यासारखे दुसरे पेय नाही.

शेवटी भाषेविषयी दोन शब्द लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोंकणी राजभाषा झाली; मराठीच्या वापरासही त्यात स्थान आहे. आपण मराठीत बोलावे, वाढणाऱ्याने कोंकणीत उत्तर द्यावे, आणि दोघांचेही काम व्हावे, असा गोडवा तेथे आहे. तो आपल्याच माणसांच्या एका वाक्याने नासतो: "ही काय वेगळी भाषा आहे होय?" आपल्या भाषेस मान मिळावा म्हणून सीमाभागात आपण इतकी वर्षे झुरलो. दुसऱ्याच्या दारी त्याच्या भाषेस उणे लेखण्याचा अधिकार निदान आपणांस तरी नाही. माशास तेथे नुस्ते म्हणतात. आपणही नुस्ते म्हणूनच मागावे. पाहुण्याने यजमानाचा शब्द उच्चारला, की वाढणाऱ्याचा हात आपोआप सैल होतो, असा आमचा अनुभव आहे.