किल्ली कोणाच्या कनवटीला?

रायपूरच्या तात्यापाऱ्यात एका परिचितांच्या जुन्या घरी पूर्वजांच्या कागदांचे गाठोडे आहे. कागद शाबूत आहेत, शाईही ठळक आहे. पण सारे लेखन मोडी लिपीत, आणि घरात मोडी वाचणारे कोणी उरलेले नाही. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख भोसल्यांच्या अमलाखाली होता. तेव्हा इथल्या मराठी घरांत असे कागद असणे नवलाचे नाही. ते गाठोडे पाहताना मला मात्र आपल्या कार्यालयांतील बॅकअप आठवले.

बॅकअप कूटबद्ध करून ठेवावा, याविषयी आता दुमत नाही. बॅकअपची प्रत कार्यालयाबाहेर जाते, दुसऱ्या शहरात राहते. ती चोरीला गेली तर सारे दफ्तरच चोरीला गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांतही कूटबद्धता आणि बॅकअप या दोन्हींचा उल्लेख आहे. प्रश्न पुढचा आहे : किल्ली कोणाकडे?

एका कार्यालयात मी रुजू झालो तेव्हा सर्व्हर बंद पडला. बॅकअप नियमित घेतलेला होता, कूटबद्धही होता. परवलीचा शब्द मात्र कंत्राट संपून गेलेल्या एका कर्मचाऱ्यालाच ठाऊक होता. त्याचा शोध लागेपर्यंत निवृत्तिवेतनाची प्रकरणे अडून राहिली. कार्यभार हस्तांतरणाच्या कागदात कपाटे, खुर्च्या, शिक्के यांची नोंद होती, किल्लीची नव्हती.

मोडी शिकता तरी येते. २५६ बिटांची किल्ली हरवली तर आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही संगणकाने ती शोधून काढणे शक्य नाही. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील रत्नभांडाराच्या आतल्या दालनाची किल्ली सापडत नसल्याचे एप्रिल २०१८ मध्ये उघड झाले. पुढे दुय्यम किल्ल्यांचे पाकीट मिळाले, पण १४ जुलै २०२४ रोजी त्या किल्ल्या लागल्या नाहीत. कुलपे तोडावी लागली. तिथे कुलूप तोडता आले. कूटबद्ध बॅकअपचे कुलूप तुटत नाही.

याचे उत्तर आपल्याच कोषागारांत आहे. तिथल्या दृढकक्षाला दुहेरी कुलूप असते : एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. एकट्याला दार उघडता येत नाही. दुय्यम किल्ल्या मोहोरबंद करून अन्यत्र ठेवल्या जातात. संगणकशास्त्रातही आदी शमीर यांनी १९७९ साली हेच तत्त्व गणितात मांडले : किल्लीचे पाच भाग करून पाच जणांना द्यावे, कोणतेही तीन भाग एकत्र आले की किल्ली सिद्ध व्हावी. एकाची बदली झाली, एक निवर्तला, तरी काम अडत नाही. आणि एकट्याच्या मनात पाप आले तरी दार उघडत नाही.

मग हे का होत नाही? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला कारण साधे दिसते. किल्ली सांभाळण्याचे कष्ट आजच्या अधिकाऱ्याला. ती हरवल्याची किंमत त्याच्या उत्तराधिकाऱ्याला आणि दारात उभ्या असलेल्या निवृत्तिवेतनधारकाच्या विधवेला. जिथे कष्ट एकाचे आणि नुकसान दुसऱ्याचे, तिथे सद्भावनेवर विसंबून चालत नाही. नियम करावा लागतो.

तो नियम चार ओळींचा असावा. किल्ली बॅकअपच्या शेजारी ठेवू नये. ती किमान दोन पदांच्या ताब्यात असावी, व्यक्तींच्या नव्हे. जुना बॅकअप जितकी वर्षे जपायचा, तितकी वर्षे त्याची जुनी किल्लीही जपावी. सेवापुस्तकांसाठी हा काळ तीस-चाळीस वर्षांचा असू शकतो. आणि दर सहा महिन्यांनी बॅकअप प्रत्यक्ष उघडून, वाचून पाहावा व तशी नोंद स्वाक्षरीनिशी करावी. उघडून न पाहिलेला बॅकअप ही केवळ समजूत असते.

कार्यभार घेताना आपण रोखवही तपासतो. यापुढे किल्लीही मागावी. ती मिळेपर्यंत स्वाक्षरी करू नये.