कथलाचा वाळा

'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण सर्रास वापरतो आणि कथलाला हिणवून मोकळे होतो. परंतु यात दोष वाळ्याचा की नावाचा ?

आयुर्वेदातील स्वर्णवंग पाहा. वंग म्हणजे कथील. कथील, पारा, गंधक आणि नवसागर एकत्र खलतात व कापडमातीने लिंपलेल्या काचेच्या कुपीत घालून वाळूच्या भट्टीत तापवितात. पारा वर निघून जातो आणि तळाशी सोन्यासारखी चकाकणारी पिवळी पूड उरते. वजनाने सुमारे ६५ टक्के कथील, ३५ टक्के गंधक, सोने शून्य! वैद्यांनी तिचा उपयोग प्रमेहावर केला. इटालियन चित्रकार चेन्नीनी याने इ. स. १४०० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात नेमके हेच चार पदार्थ सांगितले आहेत. पण तेथे ही पूड चर्मपत्रावर व लाकडी फळीवर लावायचा सोनेरी रंग आहे. पुढे युरोपात तिने चौकटी व मूर्ती सजविल्या. पितळेची पूड हवेने काळवंडते, ही तशी काळवंडत नाही.

तेव्हा कथलाची ही पूड मुळात लबाड नाही. रंगविणाऱ्याला आपण काय घोटतो आहोत हे ठाऊक होते. लबाडीला वाव मिळतो तो विक्रीच्या वेळी. उदयनगरसारख्या गावात गिऱ्हाईक डबीवरच्या नावावर विसंबते. 'स्वर्ण' वाचले की त्याला सोनेच दिसते. घटकांत 'वंग' छापले, तरी वंग म्हणजे कथील हे किती जणांना कळेल ?

नाव परंपरेचे आहे, ते रंगावरून पडले आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, नाव बदलू नये. परंतु वस्तूचा दर्जा व शुद्धता जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला आणि २०१९ च्या नव्या कायद्याने तो कायम ठेवला. न समजणाऱ्या शब्दांत दिलेली माहिती ही माहितीच नव्हे. म्हणून नावाखाली ठळक अक्षरांत, मराठी, हिंदी वा कन्नड अशा ग्राहकाच्या भाषेत, एक ओळ असावी : 'यात सोने नाही, कथील व गंधक आहे.'

वाणिज्य शाखेत आपण नफातोटा शिकतो. या एका ओळीने कदाचित थोडा खप घटेल, पण दुकानाची पत वाढेल. कथील म्हणून विकलेले कथील हा चोख व्यवहार आहे.