उष्टावणानंतर काय?

मुलाच्या जन्मापासून जावळापर्यंत आपल्या समाजांत जे सोहळे होतात, त्यांत उष्टावणाइतका शहाणपणाचा सोहळा क्वचितच दुसरा असेल. गृह्यसूत्रकारांनीं अन्नप्राशनास सहावा महिना सांगितला. सुश्रुतानेंही या वयांत बाळास हलकें व हितकर अन्न द्यावें असें म्हटलें. आज जागतिक आरोग्य संघटनेचेंही सांगणें हेंच आहे कीं, पहिले सहा महिने केवळ आईचें दूध द्यावें, नंतर त्याच्या जोडीला वरचें अन्न सुरू करावें, व अंगावरचें दूध दोन वर्षें किंवा त्याहूनही अधिक काळ चालू ठेवावें. जुन्या व नव्या शास्त्राची अशी एकवाक्यता विरळाच. असें असतां आपल्या मुलांची स्थिति काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकीं पुरेसा आहार मिळणारीं मुलें शेंकडा ११ च्या आसपास भरलीं; आणि सहा महिने ते पांच वर्षें या वयाच्या शेंकडा ६७ मुलांच्या अंगीं रक्त कमी आढळलें. बाकीचीं सारींच घरें कांहीं दाण्याला महाग झालेलीं नाहींत. मग दोष कोठें आहे?

दोष असा कीं, आपण उष्टावणाचा दिवस पाळतों आणि त्याच्यामागून येणारीं दीड वर्षें विसरतों. मामाच्या मांडीवर बाळ बसलें, अंगठीनें खीर चाटविली, फोटो निघाले, पंगत उठली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वाटींत काय पडतें याची चौकशी करावयास कोणी उरत नाहीं. मग वरणावरचें पाणी, पातळ पेज, चहांत बुडविलेलें बिस्किट, असलें कांहीं तरी त्याच्या मुखीं जातें, आणि ‘बाळ जेवूं लागलें’ म्हणून सारे निश्चिंत होतात.

ही निश्चिंती घातक आहे. जन्मतः बाळाच्या शरीरांत लोहाचा जो सांठा असतो तो सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो, आणि आईच्या दुधांत लोह अल्प असतें. पोट तर एवढेंसें कीं, सात किलो वजनाच्या बाळाच्या पोटांत एका वेळीं दोनशें मिलिलिटरच्या आसपासच अन्न मावतें. तें वरणाच्या पाण्यानें भरलें तर पोट भरतें, पोषण होत नाहीं. म्हणून अन्न चमच्यावरून ओघळणार नाहीं इतकें दाट असावें. सहा महिने पुरे होतांच दिवसांतून दोनतीन वेळां, व नवव्या महिन्यापासून तीनचार वेळां तें द्यावें. मुगाची आसट खिचडी व वर तूप, नाचणीचें सत्त्व, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा, पिकलेलें केळें, आणि ज्या घरीं चालतें तेथें नीट शिजविलेलें अंडें व कांटे काढलेली मासळी, यांतील एकही वस्तु दूरदेशाहून आणावी लागत नाहीं. मीठ व साखर बाळास नकोत. मध तर वर्षाच्या आंत देऊंच नये; त्यांतून येणाऱ्या जंतूंच्या बीजांमुळें तान्ह्या मुलास प्राणघातक विषबाधा होऊं शकते.

यावर वडीलमंडळी म्हणतील कीं, आमचीं मुलें मध व घुटी चाटूनच वाढलीं, त्यांचें काय वाईट झालें? या मंडळींविषयीं आम्हांस आदर आहे. त्यांच्या हातचा आसट भात डब्यांतील कोणत्याही पिठाहून सरस. परंतु जीं मुलें जगलीं तींच साक्षीला उभीं राहतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं दोनशेंच्या आसपास मुलें वर्षाच्या आंत दगावत. त्यांची साक्ष कोण काढणार? आजीची माया हवीच हवी. मात्र पहिले सहा महिने डॉक्टरांनीं सांगितलेल्या औषधावांचून पाण्याचा थेंबही नको, आणि त्यानंतर दांत येण्याची वाट पाहणेंही नको.

तथापि नुसत्या उपदेशानें हें काम होणार नाहीं. उणीव जितकी ज्ञानाची, तितकीच सवडीची आहे. नवी चव बाळ प्रथम जिभेनें बाहेर ढकलतें. आठदहा वेळां दिल्यावर मग तें ती पत्करतें. एका वाटीस अर्धा तास सहज जातो. हा अर्धा तास, तोही दिवसांतून तीनतीनदां, कोणी काढावयाचा? जिला रात्रीचें जागरण आहे, स्वयंपाक व धुणें आहे, आणि वर नोकरी किंवा शेत आहे, तिनेंच! सव्वा महिना डिंकाचे व आळिवाचे लाडू तिला मिळतात. सव्वा महिना सरला कीं तिचें पान पुन्हां सर्वांच्या शेवटीं. घरांतला पुरुष तर या प्रकरणीं पाहुण्यासारखा वागतो. ज्यास कचेरीचा सारा हिशेब ठेवतां येतो, त्यास एक वाटी खिचडी कुस्करून भरवितां येत नाहीं, हें आम्हांस मुळींच खरें वाटत नाहीं.

घराप्रमाणें सरकारचेंही कर्तव्य आहे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यांत २०१७ सालीं दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीं पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली, हें ठीकच झालें. पण सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. ज्या आठवड्यांत बाळाच्या तोंडीं पहिला घांस पडावयाचा, नेमक्या त्याच आठवड्यांत आईची रजा संपते. आणि ऊसतोडीस जाणाऱ्या बाईच्या वांट्यास तर ही रजाही येत नाहीं. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ गणला जातो, मूल फडाच्या बांधावर असतें, आणि ज्या अंगणवाडीच्या वहींत त्याचें नांव आहे ती मागें गांवीं राहते. जेथें आई कामाला जाते तेथें पाळणाघर, आणि जेथें कुटुंब जातें तेथें त्याच्या मुलाचा आहार, एवढी व्यवस्था झाल्याशिवाय गरिबाच्या बाळाचें उष्टावण पुरें झालें असें आम्ही मानणार नाहीं.

सरकार जागें होईल तेव्हां होवो; घरास जागें व्हावयास कोणाच्या हुकुमाची गरज नाहीं. उष्टावणास चांदीची वाटी आणणाऱ्या प्रत्येक बापानें त्याच दिवशीं एक गोष्ट पत्करावी: बाळाच्या रोजच्या जेवणांपैकीं एक जेवण आपल्या हातचें, आणि त्या वेळीं बाळाच्या आईनें सुखानें बसून आपलें ऊन अन्न जेवावें. संस्कार म्हणतात तो हाच.