किरकोळ खर्चातला गुराखी



आजचा लेख कुणाला बोचला तर बोचू द्या. बी.कॉम. होऊन मला चाळीसहून जास्त वर्षं झाली. नोकरी कधी केली नाही, पण हिशेबाचा कागद समोर आला की चष्मा आपोआप नाकावर चढतो. मागच्या महिन्यात एका जीवदया संस्थेचा वार्षिक जमाखर्च घरी आला. नाव सांगत नाही, कारण दोष तिच्या एकटीचा नाही. चारा, सरकी ढेप, पाण्याची टाकी, औषधपाणी, शेडचे पत्रे, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी, सगळं वेगवेगळं मांडलेलं. जनावरं रोज चारायला नेणाऱ्या, शेण काढणाऱ्या, रात्री आजारी गाईपाशी बसणाऱ्या माणसांचा पगार मात्र सापडेना. फोन करून विचारलं. उत्तर आलं, "काकू, तो किरकोळ खर्चात धरलाय."

मला एकदम हवाई बेट आठवलं. हसू नका, सांगते.

दोन वर्षांपूर्वी लेक-जावयाने आम्हाला तिकडे नेलं होतं. वायमेआ नावाच्या गावाजवळ १८४७ मध्ये सुरू झालेलं पार्कर रँच आहे, म्हणजे गुरांचं अफाट कुरण. मी आधी नाहीच म्हटलं, कारण तिथली गुरं शेवटी कुठे जातात हे ठाऊक होतं. हिरव्यागार टेकड्या बघतानाही पोटात कालवत होतं. पण तिथे ऐकलेली गोष्ट विसरले नाही. १७९३ मध्ये व्हँकूव्हर नावाच्या इंग्रज कप्तानाने तिथल्या कामेहामेहा राजाला गाईगुरं भेट दिली. राजाने त्यांना मारायला बंदी केली. गुरं वाढली, रानटी झाली, लोकांच्या बागा आणि शेतं तुडवू लागली. शेवटी १८३० च्या दशकात मेक्सिकोहून गुराखी बोलावावे लागले. ते स्पॅनिश बोलणारे, म्हणजे 'एस्पान्योल', म्हणून तिथल्या जिभेवर त्यांचा शब्द झाला 'पानिओलो'. स्थानिक लोक ती विद्या शिकले. १९०८ मध्ये इकुआ पर्डी नावाच्या पानिओलोने अमेरिकेत शायेनला जाऊन फास टाकण्याच्या स्पर्धेत भल्याभल्यांना हरवलं. आज वायमेआत त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे.

ज्यांच्या ताटात गाय आहे, त्यांनी गुराख्याचा पुतळा उभारला. आणि आम्ही, ज्यांच्या ओठांवर सकाळ-संध्याकाळ जीवदया, त्यांनी गुराख्याला किरकोळ खर्चात टाकलं. हे मला सहन होत नाही.

आपल्याकडे पानिओलो नाहीत का? आहेत, आणि रामदासपेठेपासून फार लांब नाहीत. अमरावती रस्त्याने कोंढाळीच्या पुढे गेलं की वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे लागतं. कारंजा, आष्टी, आर्वी हा गवळाऊ गाईचा मुलूख. पांढरी-राखाडी, शेलाटी, चपळ गाय. हिचे बैल गाडीला हलके आणि धावायला तेज. गांधीजींच्या प्रेरणेने १९४१ मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ निघाला आणि जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने त्या कामाला दिले. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी पैदास प्रक्षेत्रही आहे. पण ही जात मुळात टिकवली ती नंदगवळ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या डोंगरातल्या चराईवर.

हवाईहून आल्यावर मी हट्टाने त्या भागात गेले. एका नंदगवळी घराच्या अंगणात बसले. म्हाताऱ्या बाबांनी गाईची सात पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ सांगितली. मला माझ्या पणजीचं नाव आठवेना. मी विचारलं, "पुढे कोण सांभाळणार?" ते म्हणाले, "पोराले पोरगी कोनी देत नाही, बाई. पह्यले गाई इका म्हनतात."

हे वाक्य मी घेऊन आले. एका अख्ख्या विद्येचा निकाल लग्नाच्या बोलणीत लागतो आहे. चराईला जंगल बंद, गावाच्या ई-क्लास जमिनी आक्रसलेल्या, संकरित गाईपुढे गवळाऊचं दूध कमी. आणि आपण शहरात 'देशी गाईचं शुद्ध तूप' म्हणून बरणी उचलतो, आधी वास बघतो, मग किमतीत घासाघीस करतो.

नंदगवळी निदान स्वतःच्या गाई राखतात. गोवारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या राखल्या. आपल्या विदर्भातल्या खेड्यांत सकाळी आखरावर ढोरं गोळा करून रानात नेणारा गायकी बहुतेक गोवारीच असे. दिवाळीत गायगोधनाला ढाल घेऊन नाचणारे तेच. माझ्या माहेरच्या गावी ते दारात आले की आई सुपातून धान्य घाली. त्यांचं नाव कुणी विचारत नसे. 'गोवारी आले' एवढंच.

आता नागपूरकरांनो, २३ नोव्हेंबर १९९४ आठवा. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून हजारो गोवारी विधानभवनावर मोर्चा घेऊन आले होते. मॉरिस कॉलेजजवळ त्यांना अडवलं, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. त्यांत कितीतरी बायका आणि लहान मुलं होती. आपल्या घरापासून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर. त्या दिवसाचं मला काय आठवतं, ते लाज सोडून लिहिते. मुलांची शाळेची रिक्षा उशिरा आली म्हणून मी चिडले होते. दुसऱ्या दिवशी पेपर वाचला, 'अरेरे' म्हटलं आणि भाजी चिरायला बसले. त्या वर्षी एखाद्या ट्रकमध्ये ११४ गाई गुदमरल्या असत्या, तर आमच्या समाजाने मोर्चा काढला असता. मीही गेले असते.

आज तिथे स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. त्या पुलावरून आपण गाडी नेतो. त्यांच्या मागणीचं काय झालं? २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कोर्टाचं कोर्टाला. मी माझ्या वहीचं बोलते आहे.

मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला. सुचवलं की यंदा नवीन पाटीऐवजी गोशाळेतल्या गुराख्यांना नीट पगार, भविष्य निर्वाह निधी आणि विमा द्यावा. तीन उत्तरं मिळाली.

पहिलं: "पगार देण्यात पुण्य कसलं? दान गाईला." असं का? अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात दर वेळी म्हणतो. बांधणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त भार लादणं, खाणंपिणं तोडणं. चारशे गुरं दोन माणसांच्या अंगावर टाकणं हा अतिभार नाही? की अतिचार फक्त चार पायांच्या जीवांचा लागतो?

दुसरं: "अहो, ती माणसं शाकाहारी तरी आहेत का?" हा प्रश्न आपण सिमेंटवाल्याला विचारत नाही, संगमरवरावर नाव कोरणाऱ्याला विचारत नाही. फक्त गरिबाला पैसे द्यायची वेळ आली की त्याचं ताट दिसतं.

तिसरं: "भाकड जनावरं विकतात तेच ना!" इथे थोडं थांबा. गोवंश हत्याबंदीचं दुरुस्ती विधेयक राज्याने १९९५ मध्ये मंजूर केलं, राष्ट्रपतींची मान्यता मिळून २०१५ च्या मार्चमध्ये ते लागू झालं आणि गाईबरोबर बैल-वळूही वाचले. मला आनंद झाला, आजही आहे. पण म्हातारा बैल रोज खातो. त्याचा चारा कुणी द्यायचा, हे आपण पेढे वाटताना विचारलं नाही. हवाईच्या राजाने हेच केलं होतं. बंदी घालून तो मोकळा झाला, आणि गुरांना माणूस लागतो हे कळायला चाळीस वर्षं गेली. तिथे त्याचा शेवट कत्तलीत झाला. आपल्याला तो नको असेल तर भाकड गाईचा खर्च दोन एकरवाल्याच्या डोक्यावर ठेवून आपली सामायिक शुद्ध होणार नाही.

आता सगळ्यात खटकणारी गोष्ट. दिवाळीच्या वहीपूजनाला आपण पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीबरोबर धन्ना-शालिभद्राची ऋद्धी मागतो. शालिभद्र आधीच्या जन्मी कोण होता? संगम. गरीब विधवेचा मुलगा, गावची वासरं राखणारा. शेजारणींनी दिलेल्या दुधा-तांदळाची आईने कशीबशी खीर केली, आणि दारात मासक्षमणाच्या पारण्याला आलेल्या मुनींना त्याने ती सगळी वाढली. आपल्या पेढ्यांवर, दुकानांवर, चोपड्यांवर ज्याच्या वैभवाचा आशीर्वाद मागतो, तो गुराख्याचा पोर आहे. त्याच्या जातभाईला आपण किरकोळ खर्चात लिहितो!

बैठकीत माझा ठराव पडला. सातपैकी दोनच हात वर आले, त्यातला एक माझा. म्हणून घरापुरतं ठरवलं आहे. सासूबाईंच्या नावाच्या पाटीसाठी ठेवलेली रक्कम पाटीला जाणार नाही, एका गुराख्याच्या वर्षभराच्या पगाराला जाईल, आणि पावतीवर 'गुराखी वेतन' असं स्वच्छ लिहून मागणार आहे. नाही लिहिलं तर धनादेश परत. तूप कारंजाच्या त्याच घरून येईल, ते सांगतील त्या भावाने. २३ नोव्हेंबरला मी गोवारी स्मारकावर जाऊन नवकार म्हणणार आहे. तीस वर्षं उशीर झाला, तरी जाणार आहे.

तुमच्या संस्थेचा जमाखर्च घरी आला असेल तर आज दुपारी तो काढा. गुराखी कुठल्या रकान्यात आहे ते बघा आणि मला कळवा.