महामार्ग बाहेरून गेला, मग गावातल्या जुन्या रस्त्याचं काय?

कबनूर : रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या अंकली-चोकाक टप्प्यावरून हातकणंगले, शिरोळ तालुक्यांत वाद पेटला तो मोबदल्याचा. चौपट द्या, ही शेतकऱ्यांची मागणी रास्तच आहे, जमीन एकदा गेली की गेली. पण मोठा रस्ता गावाबाहेरून गेला की आतल्या जुन्या रस्त्याचं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

बघायचं असेल तर रविवारी गाडी काढा. कबनूरहून हुपरीमार्गे कागल, तिथून निपाणी आणि संकेश्वर. फक्त बायपासनं पुढं पळू नका, गावात शिरा.

निपाणीत अजूनही ‘जुना पी. बी. रोड’ म्हणतात. पी. बी. म्हणजे पुणे-बंगळूर. एकेकाळी सगळी वाहतूक या गावातनंच जायची. म्हणून तर 1981 च्या मार्चमध्ये तंबाखूला भाव मागायला शरद जोशींसोबत हजारो शेतकरी इथल्या महामार्गावर ठाण मांडून बसले. रस्ता अडला, सरकारला दखल घ्यावी लागली. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. आज त्या जुन्या रस्त्यावर बसलं तर बंगळूरचा ट्रक अडणार नाही, बाहेरून निघून जाईल. रस्त्याबरोबर गावाचं वजनही सरकतं ते असं.

पुढं तवंदीचा घाट, पावसाळ्यात हिरवागार. पायथ्याजवळ स्तवनिधीचं जैन तीर्थ, मग हिरण्यकेशीकाठचं संकेश्वर. शंकरलिंगाचं जुनं दगडी मंदिर बघायला हायवेवरची गाडी मुद्दाम वळवावी लागते. किती जण वळवतात?

सगळं वाईटच झालं असंही नाही. ट्रक गेले, पोरं सायकलवर शाळेला जाऊ लागली. ढाबे आणि पंक्चरवाले मात्र बायपासला गेले.

खरी मेख कागदात आहे. बायपास झाल्यावर जुना तुकडा राष्ट्रीय महामार्गातून वगळून राज्याच्या बांधकाम खात्याकडे किंवा नगरपालिकेकडे जातो. त्याआधी केंद्राच्या पैशातून एकदा दुरुस्तीची तरतूद आहे. ती करून न घेताच ताबा घेतला, तर खड्डे, गटार, दिवे सगळं गावाच्या बोकांडी. ज्या गावांना बायपास होणार आहे, त्यांनी ग्रामसभेत आत्ताच ठराव करावा : दुरुस्ती आधी, ताबा नंतर. आणि ठरावाची पोच घ्यायला विसरू नये.